सगुणाकाकीचं पाण्यातलं घर

सगुणाकाकीच्या डाव्या बाजूला बसायचं नाही, हे मला लग्न होऊन आल्यावर लगेचच कळलं. आमच्या ओसरीवर वड्या घालायला बायका जमल्या होत्या. काकी ओळीच्या टोकाला बसली होती आणि तिच्यात नि भिंतीत एक बाई मांडी घालून बसेल एवढी जागा रिकामी होती. मी नवी, हातात पिठाची परात. सरळ तिथं जाऊन टेकणार तोच सासूबाईंनी माझा पदर मागून ओढला.

"तठी नको. इकडं बस, माह्याजवर."

"काऊन?"

"तिच्या जाऊची जागा होय ते."

"मग जाऊबाई कुठं गेल्या?"

"नाई ना ती," सासूबाई म्हणाल्या. डब्यातलं मीठ संपलं म्हणून सांगावं इतक्या सहज. आणि पुढच्या वडीला लागल्या. बाकीच्या बायकांपैकी कोणी मान वर करून पाहिलंही नाही.

माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं. मोठं पाणी मला नवीन नव्हतं. पण या गावाच्या पाण्याची गोष्ट वेगळी होती. तलावाची पाळ वाढवली तेव्हा खालचं जुनं गाव उठवून वर माळावर आणून वसवलं होतं. आमच्या वस्तीतली सगळी म्हातारी माणसं त्या खालच्या गावात जन्मलेली. पावसाळ्यात पाळीवर उभं राहिलं तर नुसतं पाणी दिसे, पलीकडच्या जंगलापर्यंत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव हळूहळू वर येई. आधी मारुतीच्या देवळाचा चौथरा, मग वडाचं खोड, मग विहिरीचं तोंड, आणि शेवटी घरांच्या जोत्यांच्या ओळी. बाकीचे लोक तिकडे फिरकत नसत. सगुणाकाकी दर वर्षी जाई.

तिचं घर आमच्या घराला लागून. मध्ये फक्त सांदवाडीचं काटेरी कुंपण, म्हणजे दोघींच्या परसबागांमधली हद्द. तिच्याकडे कांदा चिरला तर आमच्याकडे डोळे चुरचुरायचे. काकी ठेंगणी, मनगटानं जाड, आवाजानं बारीक. नवरा मी यायच्या आधीच वारलेला. एकुलता मुलगा दिलीप धानाची शेती करायचा आणि हंगाम संपला की देवरीच्या बाजारात मोहफूल, चारोळी नेऊन विकायचा.

काकीला महिन्यांची नावं येत नव्हती असं नाही, पण ती वापरत नसे. तिचं सगळं वर्ष पाण्याखालच्या गावावरून चाले. "पानी मारुतीले लागलं, आता रोवना आटपा," असं ती धानलावणीच्या दिवसांत म्हणे. वाल पेरायचे झाले की "विहीर बुडाली का गा दिलीप?" मोहफुलं वाळत घालायची वेळ झाली की "आता वडाच्या मुळाशी आलं असंल पानी." सुरुवातीला मला वाटे, ती रोज पाळीवर जाऊन बघून येत असेल. नंतर कळलं, तापानं अंथरुणावर पडली तरी तिला ते बरोबर ठाऊक असे. एकदा पावसाची झड लागली होती, आम्ही दोघी चुलीपुढे बसलो होतो, आणि ती अंगावरचं लुगडं सावरत म्हणाली, "आमच्या दारात आलं बाई." तिनं पायही जवळ ओढून घेतले, जणू पाणी बोटांना लागलं होतं.

कोणाला वाटेल बाई डोक्यानं हलकी होती. तसं अजिबात नव्हतं. गावात कोणाची सून अडली तर आधी काकीला हाक जाई, मग गाडी बोलवत. धान साठवायचा बांबूचा ढोला लिंपायचा तर तिच्याच हातून, कारण तिनं लिंपलेल्या ढोल्यात उंदीर शिरत नसे. बोलायला रोखठोक. माझं पहिलं सारवण बघून म्हणाली होती, "हे सारवन होय का म्हशीनं लोळून घेतलं?" मला राग आला नाही. तिनं लगेच बाह्या सरसावून माझा हात धरून शिकवलं. तळहात टेकवायचा, कोपर सैल ठेवायचं, एका दमात कमान काढायची. "आतून दाराकडं येत जाय. नाहीतर आपनच मधात अडकतो."

एका श्रावणात मी विरजण मागायला तिच्या मागच्या दारानं गेले. आत बोलणं चाललं होतं. आंबील खारट झाली की नाही यावरून दोघी जावांत होते तशी कुरबुर. काकीचाच आवाज होता, पण ती थांबून, ऐकून उत्तर देत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. आत ती एकटी, चुलीवर मडकं.

"काकी, कोणासंग बोलून राहिल्या?"

"भागीसंग. तिले मीठ जास्त लागते." तिनं वाटीत विरजण घालून दिलं आणि मी वळले तशी हळूच म्हणाली, "मी असं म्हनलं म्हनून बाहेर सांगू नको वो. तिले राग येते."

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं. भागी म्हणजे भागीरथी, काकीच्या मोठ्या दिराची बायको. दोघी एकाच चुलीवर रांधायच्या. दीर कामासाठी भिलाईला गेला तो तिकडेच राहिला, दुसरं घर केलं असं लोक म्हणत. गाव उठलं त्या दिवशी लोकांनी छपराचे कवेलू, फाटे, दारं, सगळं काढून बंड्यांवर, म्हणजे बैलगाड्यांवर, लादलं. घरांच्या नुसत्या भिंती उरल्या. भागीरथी त्या बिनछपराच्या घरात सारवत बसली होती. जो तो जाताना तिला हाक मारी. ती म्हणे, "येवढं पुरं करतो अना शेवटच्या बंडीत येतो." शेवटची बंडी वर आली तिच्यात ती नव्हती. पुढं पाऊस लागला, पाणी चढलं. "गेली असंल भिलाईले, नवऱ्यापाशी," सासूबाई म्हणाल्या. "असंच म्हनतात सगळे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

सासूबाईंनी तांदूळ पाखडायचं थांबवलं नाही. "मी काई म्हनत नाई," म्हणाल्या.

त्याच वर्षी मी पहिल्यांदा रोवणीला धानाच्या बांधीत उतरले. चिखल पोटऱ्यांपर्यंत, वरून रिमझिम, बायकांची ओळ मागे मागे सरकत रोपं खोचत जाते. काकी ओळीच्या मध्ये होती, पण तिच्या डाव्या बाजूला जागा सोडलेली होती आणि त्या जागेच्या पलीकडे मी. मला वाटलं, ही पट्टी रिकामी राहणार, नाहीतर काकीच दोघींचं काम करणार. मी मान खाली घालून लावत गेले. बांध आला तेव्हा मागे वळून पाहिलं. मधली पट्टी लावलेली होती.

मी काकीकडे पाहिलं. तिचा हात लांबतच नव्हता तितका. ठेंगणी बाई.

रोवणी करणाऱ्या बाईचा हात ओळखू येतो. कोणाची रोपं उभी असतात, कोणाची कलती. आमच्या सगळ्यांची रोपं किंचित एका अंगाला झुकलेली होती, कारण आम्ही उजव्या हातानं खोचत होतो. त्या मधल्या पट्टीतली दुसऱ्या अंगाला झुकलेली होती. मी वाकून एक रोप ओढून पाहिलं. आमच्यापेक्षा खोल लावलं होतं, सहजासहजी आलं नाही.

"भागी डावखोरी होय," काकी माझ्या बाजूला येऊन उभी राहत म्हणाली. "उपडू नको. तिचं रोप मरत नाई."

पलीकडची एक बाई म्हणाली, सगुणा दोन्ही हातांनी लावते, तिची सवयच आहे तशी. मी ते धरून ठेवलं. घरात नव्यानं आलेल्या सुनेला काहीतरी धरून ठेवावं लागतं. कापणीला ती पट्टी मी मुद्दाम बघायला गेले. लोंब्या इतरांसारख्याच होत्या, फक्त त्या पट्टीवर एकही पाखरू उतरत नव्हतं.

काही वर्षांनी, एका वैशाखात, काकीनं मला जुनं घर सारवायला सोबत येशील का विचारलं. तिचे गुडघे दुखू लागले होते आणि शेणाची बादली जड होत होती. आम्ही सकाळीच पाळ उतरलो. तलावाचा तळ तडकून त्याचे पापुद्रे झाले होते, पायाखाली कुरकुरायचे. शिंपल्या, वाळलेल्या शेवाळाची जाळी, झाडांचे काळे खुंट. मी चप्पल घालून होते, काकी अनवाणी. तिची चाल घरातल्या घरात चालतात तशी होती. वळणं घेत चालली होती. सरळ मोकळा तळ समोर असताना ती उजवीकडे वळे, मग डावीकडे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ती जुन्या गल्ल्यांनी चालत होती.

तिच्या घराचं जोतं गुडघ्याएवढं उंच, दगडाचं. भिंती विरघळून गेलेल्या, एका कोपऱ्यात तेवढं हातभर बांधकाम उभं. दोन खोल्यांच्या खुणा दिसत होत्या. पुढच्या खोलीत गाळाचा थर वाळून फुटला होता, सगळीकडे होता तसा. मागच्या खोलीत नव्हता.

मागची खोली सारवलेली होती. ओली होती. शेणाचा ताजा वास येत होता आणि बोटांच्या कमानी उलट्या दिशेनं वळलेल्या होत्या.

मी आजूबाजूला पाहिलं. जंगलापर्यंत माणूस नव्हता, बकरी नव्हती. पायाचे ठसे शोधले, पण तळ इतका कडक झाला होता की आमचेही ठसे उमटले नव्हते. मी स्वतःला तेच सांगितलं.

"भागी सकाळीच उरकून घेते," काकी म्हणाली आणि पदर खोचून पुढच्या खोलीतला गाळ खरवडायला लागली. "तू अठी बस. सावली नाई, पन मोरीचा दगड गार असते."

तिथं बसून तिनं मला ते सांगितलं. हात चालूच होते.

भागीरथीला एक मूल झालं होतं, मुलगा. सव्वा महिन्याच्या आतच गेला. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. घरामागे सीताफळाखाली पुरलं होतं. गाव उठायची वेळ आली तेव्हा भागीरथी कोणाशी काही बोलली नाही. त्या दिवशी सारवता सारवता फक्त सगुणेला म्हणाली, "लेकरू अठी आहे. मी कशी येऊ? त्याच्यावर पानी येईल अना मी वरत माळावर बसू?"

"मी म्हनलं, चाल ना वो, सगळे जाऊन राहिले. ते म्हने, तू फक्त सांग का मी शेवटच्या बंडीत आहो. येवढंच कर माह्यासाठी." काकीनं बादलीत हात बुडवला. "मले वाटलं, एक-दोन दिवस राहील, भूक लागली का येईल. मी सांगितलं तसं. कोनी विचारलं तं म्हनलं, आहे मागच्या बंडीत. मंग पाऊस सुरू झाला. असा पाऊस का पाळीवर उभं राहता येत नोतं. उघाड पडली तवा अठी नुसतं पानी."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोनाले सांगू? तिनं म्हनलं होतं सांगू नको."

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती एकटीच आली होती. जोतं होतं, सीताफळाचा खुंट होता. भागीरथी नव्हती. तिचं काहीच नव्हतं, बांगडीचा तुकडासुद्धा. फक्त मागची खोली सारवलेली होती.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

काकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अडाणीपणाचं विचारलंय. "जाऊ होय ते माही. तिले काऊन भिऊ?"

तिला खरंच भीती वाटली ती नंतर, आणि ती मी पाहिली.

दिलीपचं लग्न झालं. ललिता देवरीकडची, शिकलेली, हसतमुख मुलगी. ती आल्यावर दिलीपनं मातीचं घर पाडून पक्कं बांधलं. स्लॅब, लोखंडी दार, फरशी. काकीनं विरोध केला नाही. फक्त फरशीवर चालताना ती बिचकत पाय टाकायची आणि म्हणायची, "हे घर काई पीत नाई. पानी सांडलं तं तसंच राहते." ललिताला दिवस राहिले. त्या उन्हाळ्यात दिलीपनं आईला जुन्या गावात जाऊ दिलं नाही. "पोटुशी बाई आहे घरात," तो म्हणाला. "आता बंद कर हे सगळं, माय." काकी दारात बसून पाळीकडे बघत राहायची. पाणी उतरलं, चढलं, ती गेली नाही. रोवणीला तिच्या डाव्या बाजूची पट्टी त्या वर्षी रिकामी राहिली. शेवटी मी आणि आणखी एकीनं ती भरून काढली.

ललिता माहेरी बाळंत झाली. मुलगी. दिवाळीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपल्यावर दिलीप दोघींना घेऊन आला. धान कापून खळ्यावर आलं होतं, सकाळी धुकं पडायचं, तलाव काठोकाठ भरलेला. एका सकाळी ललिताच्या ओरडण्यानं मी कुंपण ओलांडून धावले.

पाळण्याखालची फरशी सारवलेली होती. नीट चौकोन, चारी कडा सरळ. शेण नव्हतं, तलावाचा काळा गाळ होता. त्यात बारीक शिंपले चमकत होते.

ललिताला वाटलं सासूनंच केलं. मलाही तेच वाटलं, असं मी म्हणेन. म्हाताऱ्या माणसाला फरशी सहन होत नाही, उठून काहीतरी करून बसली असेल. ललितानं दात ओठ खात पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. त्यानंतर रोज. दार आतून लावलेलं असे. ललिता सासूशी बोलेनाशी झाली. "तुमचे हे प्रकार बंद करा, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते," असं ती तोंडावर म्हणाली, आणि काकीनं ते ऐकून घेतलं. मी एकदा त्या चौकोनाजवळ उकिडवी बसले. बोटांच्या कमानी उलट्या होत्या. मी वर पाहिलं तर काकी मलाच बघत होती.

मग एक दिवस पोरीला अंघोळ घालायला घेतलं तेव्हा तिच्या डाव्या तळपायावर गाळाचा टिळा होता. दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा लावतात तसा, गोल, बोटाच्या टोकानं लावलेला. वाळून घट्ट बसला होता. काकीनं तो कोमट पाण्यानं पुसला. गावातल्या कितीतरी बाळांना पहिली अंघोळ घालणारी ती बाई त्या दिवशी पोरीची अंघोळ अर्ध्यावर सोडून उठली.

"लळा लागला तिले," ती म्हणाली. "आता हे चांगलं नाई."

त्याच दुपारी ती निघाली. ऊन पडलं होतं, खळ्यावर मळणी चालली होती, सगळा गाव तिकडे. मला चैन पडलं नाही म्हणून मी मागोमाग गेले. ती पाळ उतरून सरळ पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. थंडीतलं पाणी, मी काठावर हात घालून पाहिला तर हाडापर्यंत झोंबला. ती तिथं उभी राहून बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. भांडण नव्हतं. मध्येच ती गप्प होई, मान हलवी, पुन्हा बोले. तिच्याभोवती पाणी अगदी स्थिर होतं. बाकी तलावावर वाऱ्यानं लाटा उठत होत्या.

बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. मी माझी शाल तिला गुंडाळली.

"काय झालं काकी?"

"काई नाई. पोरीचा नाद सोड म्हनलं."

"मग?"

"सोडते म्हने." ती थोडं अंतर चालली. "एकटी किती वर्स राहू म्हने. तं मी म्हनलं, पानी उतरू दे. मी येतो."

मला वाटलं, म्हातारीचं बोलणं. वाटलं असं नाही, वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी होती. नंतरही कोरडीच राहिली. ललिता चार दिवस वाट बघून शेवटी सासूशी बोलायला लागली. आणि काकी तिला शिकवू लागली. इतकी घाई तिला कधी नव्हती. थंडी सरायच्या आत तिनं ललिताकडून लाखोरीची डाळ भरडून घेतली, वालाचं बी राखेत घोळून मडक्यात भरायला शिकवलं, कोणत्या बांधीत पाणी मुरतं आणि कोणत्या बांधीत साचतं ते तिला बांधावर नेऊन दाखवलं. मोह गळायला लागला तेव्हा ललिता पोरीला पाठीशी बांधून तिच्याबरोबर पहाटे झाडाखाली जायची. कैऱ्या आल्या, लोणचं घातलं. ललिता मला म्हणाली, "आधी वाटायचं या बाईसोबत कसं निभेल. आता वाटते माय भेटली." काकीच्या डाव्या बाजूला ललिता बसायची आता, अगदी खेटून. काकी काही म्हणायची नाही. स्वतःशी बोलणंही बंद झालं होतं. त्या घरातून येणारी शांतता मला सवयीची होईना.

पाण्याचं ठिकाण मात्र ती सांगत राहिली. "वडापर्यंत आलं." मग, "विहीर मोकळी झाली." मग एक दिवस काही सांगितलं नाही, आणि मी स्वतः पाळीवर जाऊन पाहिलं. जोती वर आली होती.

ती गेली त्या दिवशी दिलीप बाजाराला होता. ललिताला तिनं सांगितलं, जुन्या घरी एक चक्कर मारून येतो. ललितानं जाऊ दिलं. एवढं चांगलं चाललं होतं, आता तिला कशाचं भय उरलं नव्हतं. पोरीचा मुका घेतला, असं ललिता सांगते, नेहमीसारखाच. जास्त नाही, कमी नाही.

दुपार टळली तरी काकी परतली नाही. दिलीप आला आणि तसाच तळात उतरला. आम्ही काहीजण मागून गेलो. जोत्याजवळ पोचलो तेव्हा तो कडेला उभा होता, आत पाऊल न टाकता हाका मारत होता. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

दोन्ही खोल्या सारवलेल्या होत्या. चारी कडांपासून सुरू करून मध्यापर्यंत. मधोमध बादली, रिकामी, आणि बादलीभोवती एका माणसाच्या उभं राहण्याएवढीसुद्धा कोरडी जागा नव्हती. वैशाखातलं ऊन, सारवण घटकाभरात वाळतं. ते ओलं होतं. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

दिलीपला आत जाववेना. शेवटी सारवण वाळल्यावर एकानं जाऊन बादली आणली.

पोलीस आले. मासे धरणाऱ्या ढिवरांनी उरलेल्या डबक्यात जाळी टाकली, पण त्या डबक्यात म्हैस नीट बसली नसती. विहिरीत उतरून पाहिलं, तिच्यात गाळ होता. जंगल धुंडाळलं. आमच्या भागातल्या प्रतापगडाच्या दर्ग्यापर्यंत दिलीप फोटो घेऊन विचारत गेला. काही दिवसांनी गावात कोणीतरी म्हणालं की एक म्हातारी देवरीहून छत्तीसगडच्या बसमध्ये चढताना दिसली होती. गावानं ते मानून घेतलं. सासूबाईंना मी विचारलं नाही.

ललिताची मुलगी आता अंगणभर धावते. ललिता तिला तलावाकडे नेत नाही. पण वर्षातून एकदा, पाणी उतरलं की, ती पाळीवरून हात जोडते आणि घरी परत येते. दिलीपला ते माहीत आहे.

काकी गेली त्या दिवशी तिला जाताना शेवटचं मी पाहिलं होतं. मी पाळीवर गोवऱ्या उलटायला गेले होते. काकी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बादली घेऊन आली. धुतलेलं लुगडं, केस नीट विंचरलेले.

"येऊ का सोबत?" मी विचारलं.

"नको. तुह्या गोवऱ्या हिरव्या आहेत अजून, बस अठीच. अना ललिताच्या सांदवाडीत भोपळ्याचा वेल चढवून दे, तिले अजून जमत नाई."

ती पाळ उतरली. गुडघे दुखत असल्यानं आधी सावकाश, दगड बघत. तळ लागल्यावर तिची चाल बदलली. उन्हात ती लहान लहान होत गेली, उजवीकडे वळली, मग डावीकडे, जिथं वळायला काही नव्हतं तिथं. एका ठिकाणी ती थांबली. समोर कोणीतरी उभं असावं तशी तिनं मान वर केली. इतक्या लांबून ऐकू यायला नको होतं, पण त्या दुपारी वारा पडला होता आणि तिचा बारीक आवाज मला स्पष्ट आला.

"आली वो, आली," ती म्हणाली. "दारात काऊन उभी राहिली ऊनाची? आत चाल."